बडोद्यात नवीन आलेल्या सुतारभावांसाठी: सोसायटीत काम कसं धरायचं आणि टिकायचं कसं

दर दोन-चार दिवसांनी गावाकडून कुणाचा तरी फोन येतो, दादा बडोद्याला यायचंय, काम मिळेल का, राहायची सोय होईल का, हत्यारं कोणकोणती आणू. प्रत्येकाला तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून काढतोय, जे येणार असतील त्यांनी शांतपणे वाचा, घरी बायकोला आणि वडलांनाही वाचून दाखवा.

मी नंदुरबार जिल्ह्यातला, शहाद्याकडचा. वडील गावचे सुतार, वखर-तिफण, बैलगाडी, दाराच्या चौकटी सगळं करायचे, मग ट्रॅक्टर आले, लोखंडी अवजारं आली आणि गावात सुताराला काम उरलं नाही. मी २००६ ला बडोद्याला आलो. आज वाघोडिया रोडकडच्या एका सोसायटीत स्वतःचं टेनामेंट, म्हणजे बैठं जोडघर, आहे आणि माझं पाऊणेक काम आजूबाजूच्या आठ-दहा सोसायट्यांमधूनच येतं, बाहेर शोधायला जावं लागत नाही. हे कसं जमलं विचाराल तर एकच सांगीन, पहिलं वर्ष मोठ्या फर्निचरच्या कामामागे पळालो नाही, सोसायटीतली बारीकसारीक दुरुस्ती धरून ठेवली. खाली जे काही लिहिलंय ते सगळं त्याच्याच आधाराने लिहिलंय.

आधी सोसायटी म्हणजे काय ते समजून घ्या

आपल्याकडे गावात सोसायटी म्हटलं की पीककर्ज देणारी विकास सोसायटी, आणि मुंबई-पुण्यात सोसायटी म्हणजे बिल्डिंग. बडोद्यात जुनी सोसायटी म्हणजे एक गेट, आत ओळीने बैठी घरं किंवा बंगले, मध्ये एक मोकळी जागा जिला सगळे कॉमन प्लॉट म्हणतात, आणि बऱ्याचदा कोपऱ्यात एखादं छोटं देऊळ. बैठ्या जोडघराला टेनामेंट म्हणतात. ही सहकारी संस्था असते, १९६१ च्या गुजरात सहकारी कायद्याखाली नोंदलेली, तिला प्रमुख असतो, मंत्री म्हणजे सेक्रेटरी असतो, आणि घरमालक हे तिचे सभासद असतात. सहकार बडोद्याच्या मातीतलाच आहे म्हणा ना, १८८९ मध्ये विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी इथे अन्योन्य सहाय्यकारी मंडळी काढली, देशातली पहिली सहकारी पतसंस्था म्हणून तिचं नाव घेतात, तेव्हा इंग्रजांचा १९०४ चा सहकारी कायदासुद्धा आला नव्हता. आपल्या मराठी माणसाने केलेलं काम आहे हे, मला याचा फार अभिमान वाटतो.

आपल्यासाठी यातली कामाची गोष्ट अशी की इथे तुम्ही एका घरात खिळा ठोकला तरी चाळीस घरांना ऐकू जातो. काम चांगलं केलं तर कॉमन प्लॉटच्या बाकड्यावर संध्याकाळी बसणाऱ्या आज्या-आजोबा तुमचं नाव पसरवतात, आणि वाईट केलं तरी तेच पसरवतात.

यायचं कधी

उत्तरायण झालं की या, म्हणजे १५ जानेवारीनंतर. त्याआधी डिसेंबरच्या मध्यापासून कमुर्ता असतो, आपण धनुर्मास म्हणतो तो, त्यात कुणी नवीन घराचं काम काढत नाही. १४-१५ जानेवारीला तर अख्खं बडोदं गच्चीवर पतंग घेऊन असतं, त्या दोन दिवशी कुणाकडे काम मागायला जाऊ नका. त्यानंतर लग्नसराई आणि वास्तूचे मुहूर्त सुरू होतात आणि हेल्पर लोकांची गरज पडते. दुसरी वेळ म्हणजे दिवाळीच्या आधीचे दोन महिने, प्रत्येकाला दिवाळीच्या आत कपाट तयार पाहिजे असतं, तेव्हा हात कमी पडतात. मधले पितृपक्षाचे पंधरा दिवस मात्र नवीन काम कुणी सुरू करत नाही, चालू असलेलंच पुढे चालतं.

अजून एक गोष्ट जी मला दोन वर्षांनी उमगली. बडोद्यात सुतारकामात राजस्थानचे लोक भरपूर आहेत, फार हुशार कारागीर, आणि उत्तर प्रदेशचेही बरेच. होळीला ते बहुतेक गावी जातात आणि पंधरा-वीस दिवस परत येत नाहीत. त्या दिवसांत सोसायटीत कुणाचं दार अडकलं, बिजागरी तुटली तर मिस्त्री सापडत नाही. आपल्या खानदेशी माणसाचा मोठा सण आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आपण तेव्हा गावी जातो, तर होळीला इथेच थांबा. माझी पहिली पाच पक्की गिऱ्हाइकं २००७ च्या होळीतच मिळाली, आणि त्यातली तीन घरं आजही मलाच बोलावतात.

काय आणायचं

नंदुरबारहून गाडीने सुरतेला या, तिथून बडोदं १३० किलोमीटर, गाड्या भरपूर. सामान हलकं ठेवा. पाव, अर्धा, पाऊण आणि एक इंची पटाशा, एक रंधा, गुण्या, खतावणी, हातकरवत, मार्तूल आणि धार लावायचा दगड एवढं बास. लाकूड तासायचं वाकस गावीच ठेवा, इथे ते क्वचितच लागतं. ड्रिल, कटर, ट्रिमर ही मशिनं आल्या-आल्या उधारीवर घेऊ नका, सहा महिने दुसऱ्याच्या मशीनवर हात बसू द्या मग स्वतःची घ्या.

कागदांमध्ये आधार, आणि आधारला जो मोबाईल जोडलाय तो चालू पाहिजे, गावाकडचा बंद पडलेला नंबर असेल तर आधी बदलून या, नाहीतर इथे प्रत्येक कामात अडेल. रेशनकार्डाचा नंबर आणि फोटोही ठेवा. आता कार्ड देशभर चालतं, तुमच्या वाट्याचं धान्य तुम्ही बडोद्यातल्या सरकारमान्य दुकानात अंगठा देऊन घेऊ शकता आणि घरचे बाकीचं गावी घेऊ शकतात. बरेच जण लाजेने किंवा माहीत नसल्याने घेत नाहीत, घ्या, तुमच्या हक्काचं आहे.

राहायचं कुठे

एकट्या पोराला खोली मिळायला त्रास होतो हे आधीच मनाशी धरून या. लग्न न झालेल्याला किंवा एकटं राहणाऱ्याला इथे छडा म्हणतात आणि बऱ्याच सोसायट्यांत छड्याला घर देत नाहीत. त्यामुळे सुरुवातीला दोघा-तिघांनी मिळून वाघोडिया रोड, अजवा रोड किंवा मकरपुऱ्याच्या जीआयडीसीकडे म्हणजे औद्योगिक वसाहतीकडे खोली बघायची. घरमालकाने भाडेकरूची नोंद पोलीस स्टेशनला करायची असते, त्याला स्वतःहून म्हणा की काका नोंद करून घ्या, माझा आधार घ्या. असं स्वतःहून म्हणणाऱ्या माणसावर विश्वास लवकर बसतो. अंडी-मटण चालतं का हेही आधीच विचारून घ्या, नंतर भांडण नको.

काही वेळा ज्या घरात काम चालू असतं तिथेच मालक झोपायला सांगतो. चालेल, पण मालकाने प्रमुखाला सांगितलंय की नाही ते तुम्ही खात्री करा. रात्री अनोळखी माणूस बंगल्यात दिसला की सोसायटीवाले घाबरणारच, त्यांचं चुकत नाही.

शब्द शिका, नाहीतर माल चुकीचा येतो

गुजराती अवघड नाहीये, पण आपल्या धंद्याचे शब्द वेगळे आहेत आणि एक-दोन फसवे पण आहेत. बिजागरीला मिजागरुं म्हणतात. चौकटीला बारसाख. दाराला बारणुं, आणि खिडकीला बारी. बडोद्यातले जुने मराठी लोकसुद्धा मराठी बोलताना 'बारी लाव' म्हणतात, मला पहिल्यांदा वाटलं बारी म्हणजे पाळी, कुणाची पाळी आली. पोटमाळ्याला माळियुं, भिंतीतल्या फळीला अभराई, कडी-कोयंड्यातल्या कोयंड्याला नकूचो, पटाशीला फरसी, वाकसाला वांसलो, वाळवीला ऊधई, भुशाला वहेर. करवत, रंधा, उंबरा आपल्यासारखंच. माप मात्र सगळीकडे फूट, इंच आणि सूत, आठ सूत म्हणजे एक इंच, हे तुम्हाला वडलांकडून येतच असेल.

बोलताना पुरुषाला भाई, बाईला बेन, वयस्कर बाईला मासी किंवा बा. दांडिया बाजार, रावपुरा या भागात किंवा आपल्या मराठी घरात गेलात तर काकू, आजी, वहिनी चालेल. तुम्हाला सगळे मिस्त्री म्हणतील.

पहिले सहा महिने: हेल्पर

गावचा सुतार लाकडात हुशार असतो पण प्लायमध्ये नवा असतो, हे मान्य करून टाका, त्यात कमीपणा काही नाही. तुम्हाला खाच-कुसवाचा सांधा येतो, इथे त्याच्या जागी स्क्रू, फेविकॉल आणि चॅनल आहे. एखाद्या जुन्या मिस्त्रीकडे रोजावर लागा आणि चार गोष्टी डोळ्यात तेल घालून बघा: सनमायका चिटकवून कडा ट्रिमरने साफ करणं, कपाटाच्या दाराला आतली ऑटो हिंज बसवणं जिच्यासाठी ३५ मिलिमीटरचं गोल भोक पाडावं लागतं, ड्रॉवरचे चॅनल दोन्हीकडे एका पातळीत लावणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शीट कापायच्या आधी कागदावर कटिंग मांडणं.

हे शेवटचं थोडं सविस्तर सांगतो कारण नफा-तोटा इथेच ठरतो. प्लायची शीट ८ बाय ४ फूट, म्हणजे ३२ चौरस फूट. समजा ७ फूट उंच, ६ फूट रुंद, २ फूट खोल कपाट आहे. दोन बाजू आणि मधली एक उभी फळी मिळून ४२ फूट, वरची आणि खालची २४, आत ३ फुटी सहा फळ्या धरल्या तर ३६, दारं ४२. झाले १४४ चौरस फूट म्हणजे साडेचार शीट, मग पाच आणायच्या. पाठीला ६ मिलिमीटरची प्लाय ४२ फूट, म्हणजे दोन शीट, आणि त्यातून उरलेला तुकडा जपून ठेवायचा, ड्रॉवरच्या तळाला कामी येतो. आता ४ फुटाची शीट मध्ये कापली की २-२ फुटाच्या दोन पट्ट्या मिळतील असं वाटतं, पण पात्याची जाडी त्यातून जाते, म्हणून खोली पूर्ण २४ इंच कधीच कबूल करू नका, साडेतेवीस सांगा. मालकाला आधीच सांगितलं तर तो काही म्हणत नाही, नंतर टेप लावून त्याला समजलं तर म्हणतो मिस्त्रीने माल खाल्ला.

लाकूड घनफुटावर मिळतं. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिन्हीचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. ५ बाय ३ इंचाची बारसाख, दोन उभे ७-७ फुटांचे आणि वरचा साडेतीन फुटांचा, म्हणजे साडेसतरा फूट गुणिले १५ भागिले १४४, १.८२ घनफूट. हा हिशोब लाकडाच्या वखारीत उभं राहून तोंडी करता आला पाहिजे.

सोसायटीत कामाचा पहिला दिवस

गेटवर वॉचमनच्या वहीत नाव लिहा. मालकाला म्हणा की प्रमुखाशी किंवा सेक्रेटरीशी एकदा ओळख करून द्या. त्यांना विचारायच्या गोष्टी: काम किती ते किती चालेल, कापायला कॉमन प्लॉट वापरला तर चालेल का, टेम्पो कुठे उभा करायचा. दुपारी १ ते ४ मशीन बंद ठेवा, कुणी सांगितलं नसलं तरी. बडोद्यात दुपारी बरीच दुकानंसुद्धा बंद असतात, लोक जेवून आडवे होतात, त्या वेळात रंधा मारणं, घासणं, मापं काढणं अशी मुकाट कामं करा.

लाईट मालकाच्या मीटरवरूनच घ्या. कॉमन प्लॉटच्या दिव्याच्या खांबावरून किंवा पाण्याच्या मोटारीच्या बोर्डावरून वायर टाकायची नाही, ते सोसायटीचं मीटर असतं आणि बिल सगळ्यांच्या मेंटेनन्समधून जातं. संध्याकाळी भुसा झाडून पोत्यात भरा, सनमायक्याचे तुकडे जाळू नका, धूर फार विषारी असतो आणि शेजारी हमखास तक्रार करतात. शेजारच्याच्या ओट्यावर भुसा उडाला असेल तर तोही झाडून द्या. हे मी कुणाला दाखवायला करत नाही, पण माझी निम्मी कामं शेजारच्या घरातूनच आली आहेत हे खरं आहे.

कटरची गोष्ट मनापासून सांगतो. लाद्या कापायच्या कटरला लाकडाचं पातं लावून, वरचं गार्ड काढून बरेच जण काम करतात. करू नका. माझ्या बरोबरच्या एका पोराची दोन बोटं गेली, २२ वर्षांचा होता, आता तो हे काम करत नाही. गार्ड ठेवा, चष्मा घाला, एमडीएफ म्हणजे भुशाचा दाबलेला बोर्ड कापताना तोंडाला मास्क बांधा, वायरला जोड असेल तर पावसाळ्यात ती आधी बदला.

दुरुस्तीची कामं, जी मी सोडत नाही

जुलै-ऑगस्टमध्ये फोन सुरू होतात, मिस्त्री दार लागत नाही. दमट हवेत लाकूड फुगतं. नवीन माणूस जातो आणि रंधा मारून मोकळा होतो, मालक खुश. पण तेच दार जानेवारीत आकसतं आणि चौकटीत अर्धा इंच फट दिसते, मग तो माणूस परत त्या घरात पाऊल ठेवू शकत नाही. आधी बिजागरीचे स्क्रू बघा, निम्म्या वेळा वरची बिजागरी ढिली होऊन दार लटकलेलं असतं, लांब स्क्रू मारला की काम होतं. खरंच फुगलं असेल तर जिथे घासतंय तिथलं एखाद-दोन सूतच काढा आणि कापलेल्या कडेला लगेच पॉलिश किंवा रंग मारा, उघडं लाकूड अजून पाणी ओढतं. दाराची वरची आणि खालची कड कुणीच रंगवत नाही, तिथूनच दमटपणा शिरतो.

बारसाखेचा खालचा भाग वाळवी खाते, जुन्या टेनामेंटमध्ये तर हमखास. पूर्ण चौकट काढायची गरज नसते, खालचं फूट-दीड फूट कापून, औषध मारून, नवीन सागाचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडायचा. इथे तुमचं गावचं जुनं कसब उपयोगी पडतं, प्लायवाल्या पोरांना हा सांधा येत नाही. हे काम दोन-तीन ठिकाणी नीट केलंत की सोसायटीतले जुने लोक तुम्हालाच विचारतील.

गणपतीच्या आधी महिनाभर चौरंग, मखर, देव्हाऱ्याची दुरुस्ती येते. बडोद्यात गणपती किती मोठा असतो ते आल्यावर बघालच, मराठी घरांमध्येच नाही, गुजराती सोसायटीतही कॉमन प्लॉटवर गणपती बसतो. स्टेजची फळी हलत असेल तर पैसे न घेता ठोकून द्या.

हिंचको

हे वेगळं लिहितोय. हिंचको म्हणजे झोपाळा, गुजराती घरात तो पाहिजेच, ओट्यावर नाहीतर हॉलमध्ये. छताला चार कडे, चार सळया आणि सागाची फळी. सुताराला वाटतं आपलं काम फळीचं, पण जबाबदारी कड्याची असते. चार माणसं बसली तर फळी-सळया धरून ३०० किलोच्या वर जातं, आणि झोका घेताना ओढ त्याहून वाढते, म्हणून दुप्पट धरून चालायचं.

माझ्याकडून इथे चूक झालेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका घरात स्लॅबला नुसत्या अँकर बोल्टवर कडे लावले, सहा महिन्यांत एक कडा ढिला होऊन निसटला, घरातल्या बा पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो, प्लास्टरचे पैसे दिले, पण ते मनातून कधी गेलं नाही. तेव्हापासून एकच पद्धत: स्लॅबमधून आरपार बोल्ट, गच्चीवर लोखंडी प्लेट आणि डबल नट, वर वॉटरप्रूफिंग. वर दुसऱ्याचा मजला असेल आणि आरपार जाता येत नसेल तर एका बीमपासून दुसऱ्या बीमपर्यंत लोखंडी चॅनल टाकून त्याला कडे. तेही जमत नसेल तर स्टँडवाला झोपाळा घ्या म्हणून सांगा आणि काम सोडा. पीओपीच्या सीलिंगला तर हातच लावू नका. फळी जमिनीपासून साधारण १७-१८ इंच, पुढे-मागे साडेतीन-चार फूट मोकळं. वर्षातून एकदा कडे बघायला मी अजूनही स्वतःहून जातो, नवरात्रीच्या आधी, फुकट.

पाणी भरतं तो भाग

विश्वामित्री नदीचं पाणी किती चढतं ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात २० इंचाच्या आसपास पाऊस पडला, ऑगस्ट २०२४ च्या शेवटी तर समा, वडसर अशा भागांत घरांमध्ये पाणी होतं, मगरी रस्त्यावर आल्या. नंतरचे तीन-चार महिने आम्ही फक्त फुगलेली कपाटं काढत होतो. त्यातून शिकलेलं लिहितो. नदीजवळच्या सोसायटीत तळमजल्याला एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड लावूच नका, मालकाने कितीही सांगितलं तरी. ७१० नंबरचा आयएसआय शिक्का असलेली मरीन प्लाय घ्या, ३०३ नंबरवाली साधी दमटपणा सहन करते पण पाण्यात टिकत नाही. खालचे सहा इंच ग्रॅनाइटचे किंवा पायावर उभे करा. पाणी उतरल्यावर कपाट लगेच उन्हात ठेवायचं नाही, सावलीत, दारं काढून, पाठीची प्लाय उघडून तीन-चार आठवडे सुकू द्या, त्याआधी नवीन सनमायका मारला तर आतून बुरशी येते. सागाचं जुनं सामान बहुतेक वाचतं. लोक घाईने भंगारात देतात, त्यांना थांबवा.

पैसे

सगळं कागदावर. माप, प्लायचा नंबर, सनमायक्याचा नंबर, हिंज कोणती, मजुरी फुटावर की रोजावर, लॉफ्ट वेगळा धरलाय का. कागदाचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये. मी मजुरीचे चार भाग करतो, सुरुवातीला, सांगाडा उभा झाल्यावर, सनमायका झाल्यावर, आणि शेवटचा दारं लागून मालकाने सगळे ड्रॉवर स्वतः उघडून बघितल्यावर. एकदा एका ठेकेदाराने माझे अडीच महिन्यांचे पैसे दिले नाहीत, तोंडी काम होतं, कुठे दाद मागणार.

माल मालकाला स्वतःला घ्यायला लावा, तुम्ही बरोबर जा. दुकानदार मिस्त्रीला कमिशन देतात ही उघड गोष्ट आहे. माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका, तेवढं बिलात कमी करा म्हणा. सोसायटीत एका घराला कळलं की सगळ्या घरांना कळतं.

सरकारी कामं

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ धंद्यांमध्ये सुतार आहे. नोंदणी सीएससी सेंटरवर म्हणजे सरकारी अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रावर, घरातल्या एकालाच मिळते. ५ ते ७ दिवसांचं ट्रेनिंग, दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपये, आणि पाहिजे असेल तर ५ टक्के व्याजाने पहिलं कर्ज १ लाखापर्यंत. शिवाय बांधकाम कामगार म्हणून नोंद होते, वर्षात ९० दिवस काम केलेलं पाहिजे, वय १८ ते ६०. असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड पण काढून ठेवा. पोरं बरोबर आणणार असाल तर महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा इथे आहेत, गुजराती विषय मात्र आठवीपर्यंत सगळ्यांनाच शिकावा लागतो, आणि ते चांगलंच आहे.

एखादा रविवार बघायला ठेवा

रावपुऱ्यात तांबेकर वाडा आहे, भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते त्यांचा. लोक भिंतीवरची चित्रं बघतात, तुम्ही लाकूड बघा, खांब, तुळया, दारं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका सांध्यासमोर अर्धा तास उभा होतो. आणि कधीतरी संखेड्याला जा, तिथले खरादी सुतार सागाचे पाय खरादीवर फिरवून त्यावर कथिलाची नक्षी आणि लाखेचा रंग चढवतात, केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. आपल्या हातात अजून किती यायचं राहिलंय ते कळतं. येताना शेव उसळ खा, आपली उसळच आहे पण बडोद्याची झालीये.

भाडेकरूचा सभासद होताना

सात-आठ वर्षांनी जमलं की जुनं टेनामेंट बघा. मी २०१५ ला घेतलं, ज्या काकांचं होतं त्यांची बारसाख मीच जोडली होती, त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारायच्या आधी मला विचारलं. घेताना सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्स बाकी नसल्याचा दाखला, आधीचे सगळे दस्त आणि महापालिकेचा वेरा म्हणजे घरपट्टी भरलेली पावती बघा. स्टॅम्प ड्युटी ४.९ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का, पण घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर नोंदणी फी माफ आहे, मी बायकोच्याच नावावर घेतलं. सोसायटी नाव बदलायची ट्रान्सफर फी घेते, त्यावर आता मर्यादा आहे, व्यवहाराच्या अर्धा टक्का किंवा १ लाख यातलं जे कमी असेल ते, त्याच्यावर मागितलं तर नम्रपणे नियम दाखवा.

नाव चढल्यावर नवीन सर्टिफिकेट हातात येईल, त्यावर नाव आधारसारखंच लिहिलंय ना, घर नंबर बरोबर आहे ना, शिक्का आणि प्रमुख-मंत्री दोघांच्या सह्या आहेत ना ते तिथेच उभं राहून तपासा. आणि वर्षाच्या साधारण सभेला जात जा, मागे उभे राहू नका, खुर्चीवर बसा. बंगलेवाला असो की टेनामेंटवाला, सभासदाला मत एकच असतं. आमच्या घरातून ते मत माझी बायको देते, पहिल्या सभेत तिने कॉमन प्लॉटच्या मोडक्या बाकड्यांचा विषय काढला, आणि पुढच्या रविवारी ती बाकडी मी दुरुस्त केली.